मायच्या हातचं बाळंतपण

कोराडी,
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय ताई,

जय भीम.

वॉर्डात असशील तर हे पत्र खिशात घाल आणि घरी जाऊन वाच. नाही, थांब, आत्ताच वाच. मला पाचवा महिना सरत आलाय!

आमच्या दोघांशिवाय चार महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी पेढे वाटून मोकळी झाले आणि पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. या वेळी ठरवलं होतं, पोटातून कुणी लाथ मारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. काल दुपारी वाळत घातलेल्या कपड्यांवरची पॉवर हाउसची राख झटकत होते आणि लाथ बसली. मी चादर तिथंच टाकून खाली बसले. शेजारच्या शोभाताई धावत आल्या, "काय झालं वं? पाय घसरला काय?" मी हसतेय की रडतेय, त्यांना काही कळेना.

रविंद्र तर वेडे झालेत. पॉवर हाउसमधून शिफ्ट संपवून येतात ते सायकल कुलूप न लावता जिन्यात टाकतात आणि पोटाला कान लावून बसतात. म्हणतात, टर्बाईनचा आवाज ओळखतो, हा पण ओळखीन.

मार्चच्या मध्यावर होईल, असं कॉलनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता तुला नर्स म्हणून विचारते. आपलं बोलणं वर्षातून एखाद्या पत्रापुरतं, तरी विचारते, कारण दुसरं कुणी नाही. घरी बाळंत व्हावं का? एक दाई आहे. नुसती अडाणी नव्हे, सरकारी आरोग्य केंद्रात महिनाभर शिकलेली, पेटी मिळालेली.

रविंद्रांनी लॉगशीटच्या पाठकोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारून दोन बाजू लिहिल्यात. डावीकडे 'घर': आपला पलंग, आपलं माणूस, ओरडणारं कुणी नाही, ते स्वतः पलीकडच्या खोलीत. उजवीकडे 'दवाखाना': रक्त, सलाईन, ऑक्सिजन, आणि अडलं तर ऑपरेशन. उजवीकडे चारच गोष्टी आहेत, पण त्या वाचल्या की डावी बाजू एकदम हलकी वाटायला लागते. मग मला मागचं आठवतं आणि उजवी बाजू वाचवत नाही.

तू लिही. लवकर लिही.

तुझी,
चारुशीला

कोराडी,
३ डिसेंबर १९७८

प्रिय ताई,

तुझी चार पानं आली. चार पानं! आठ वर्षांत मिळून एवढं लिहिलं नसशील. रक्ताची तपासणी, पायावरची सूज, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं मी वहीत उतरवलं. दोन इंजेक्शनांपैकी एक घेऊनही आले.

शेवटी तू एकच ओळ वेगळी लिहिलीस: "दाईचं नाव काय?"

तुला कळलंच असणार. तरी माझ्या हातानं लिहिते. दाई म्हणजे आपली माय.

फाडू नको. पुढचं वाच, मग फाड.

मी तिला बोलावलं नव्हतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात ती खापरखेड्याहून अशीच आली, डोक्यावर तुरीच्या शेंगांचं गाठोडं. दार उघडलं, तर नमस्कार नाही, पाणी नाही, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "कितवा वं?" मी म्हटलं, चौथा सरून गेला. तिनं गाठोडं खाली ठेवलं, मोरीवर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मला आडवं केलं आणि पोटावर हात ठेवला. मग हळूच म्हणे, "हाय. चांगलं हाय."

ताई, मी किती शांत झाले तुला कसं सांगू! तू त्या हातांना काय म्हणतेस ते मला माहीत आहे. तू स्वतः नर्स असून जबलपूरहून पहिल्या बाळंतपणाला तिच्याकडे आलीस. मोठ्या विश्वासानं आलीस. दोन दिवस कळा सोसल्यास आणि बाळ गेलं. त्या दिवसापासून तू खापरखेड्यात पाऊल ठेवलं नाहीस, मायचं नावही घेतलं नाहीस. मी तेव्हा तुझ्या उशाशी होते. मी काहीच विसरले नाही.

पण माझंही ऐक. मला मागच्या खेपेला शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. पाचव्याच महिन्यात सगळं गेलं ते तुला कळवलं, पण तिथं काय झालं ते कधी लिहिलं नाही. एका पलंगावर आम्ही दोघी. रविंद्रांना फाटकाबाहेर ठेवलं. मी पाणी मागितलं तर आया म्हणाली, गप पड. सगळं झालं तेव्हा माझ्याजवळ कुणी नव्हतं ताई. कुणीच नव्हतं. शेजारच्या बाईनं पदरानं माझं तोंड पुसलं, तिचं नावसुद्धा मला माहीत नाही.

म्हणजे तुझं घरी गेलं आणि माझं दवाखान्यात. आता सांग, आपण दोघींनी कुणाला विचारायचं?

चारुशीला

कोराडी,
७ जानेवारी १९७९

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी लिहिणार, कारण मला आता गप्प राहवतच नाही. बाळ इतकं हलतं की ताटलीवरची वाटी सरकते!

आणि गंमत ऐक. मी मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं होतं आणि माय नाहीच म्हणाली!

"मी तुह्यं बाळंतपण करत नाही," म्हणाली.

"काहून?"

"नाही म्हटलं ना. दुसऱ्या कोनाले बोलव."

मी रुसले, जेवले नाही. रविंद्र मध्ये पडले. ते म्हणाले, मामी, निदान डॉक्टरीणबाईंना भेटा, त्या काय म्हणतात ते बघू. मायला वाटलं, डॉक्टरीणबाई हाकलून देतील आणि विषय मिटेल. म्हणून ती तयार झाली. चांगलं इस्त्रीचं लुगडं नेसली, आरोग्य केंद्रातून मिळालेली पेटी काखेत घेतली.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, जरा कडक आहेत. त्यांनी मायला खुर्ची दिली. माय बसेना. त्या म्हणाल्या, "तुम्ही बसल्याशिवाय मी बोलणार नाही." तेव्हा टेकली. मग त्यांनी पेटी उघडायला लावली. पातं, दोरा, साबण, कापूस, सगळं कागदात बांधलेलं. एकेक वस्तू काढून मायला विचारत गेल्या, हे काहून, ते काहून. मायनं बरोबर सांगितलं. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं. "आतापर्यंत किती मुलं गेली तुमच्या हातून?"

मला राग आला. मी काही बोलणार, तेवढ्यात माय म्हणाली, "सात. त्यातले सहा कशानं गेले, मले माहीत नाही बाई. पन एक माहीत हाय. माह्या मोठ्या पोरीचं होतं. पानी फुटलं ते हिरवं होतं. मी म्हटलं, होईन, अजून थोडी वाट पाहू. लई वाट पाह्यली. नेऊ शकत होती, बैलगाडी दारात होती. नेलं नाही. मले वाटलं, माह्या पोरीले दुसऱ्याच्या हातात काहून देऊ."

ताई, तिनं हे कधीच कुणाजवळ म्हटलं नव्हतं. बाबा वारले तेव्हाही नाही. तिथं खुर्चीवर बसून, पेटी मांडीवर घेऊन म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी नाही, काही नाही.

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "माझं मत दवाखान्याचंच आहे. आधी एक मूल गेलेलं आहे, घरी धोका नको, हे मी लिहून देते. पण चारुशीलाबाई घरीच राहणार असतील तर तुमच्याइतकं मला दुसरं कुणी चालणार नाही. कारण कधी उठायचं ते तुम्हाला ठाऊक आहे."

मग दोघींनी मिळून ठरवलं. रक्त गेलं तर निघायचं. अंगाला सूज आली, डोळ्यापुढं अंधारी आली तर निघायचं. सकाळी सुरू होऊन दिवस मावळेपर्यंत झालं नाही तर निघायचं. आणि पाणी हिरवट असलं, म्हणजे बाळानं आतच शी केली असली, तर एक मिनिटही थांबायचं नाही. बाई लिहीत होत्या, माय मान हलवत होती. शेवटचं कलम मात्र मायनंच सांगितलं: "अन् मी सांगितल्यावर हिनं नाही म्हनायचं नाही."

मी हो म्हटलं. तेव्हा हो म्हणणं सोपं होतं.

तुझी,
चारू

कोराडी,
२५ फेब्रुवारी १९७९

प्रिय ताई,

पार्सल मिळालं!

आत चिठ्ठी नाही, हाल-हवाल नाही. रबरी मोजे, गॉज, कापसाचे निर्जंतुक गठ्ठे, बाळाच्या तोंडातलं ओढायची नळी, आणि प्रत्येकावर तुझ्या अक्षरात चिकटपट्टी: 'उकळून', 'एकदाच वापरायचं', 'उघडायच्या आधी हात धुणे'. मी ते अक्षर बघून पाचदा वाचलं. रविंद्र म्हणाले, "तुझी ताई पत्र लिहीत नाही, ऑर्डर सोडते." मी म्हटलं, लिहीत तरी आहे!

माय आठ दिवसांपासून इथंच आहे. पार्सल कुठून आलं, तिनं विचारलं नाही. चिकटपट्ट्या मला वाचायला लावल्या, तेवढंच. मग मोजे हातात घालून पाहिले, बोटं उघडून-मिटून पाहिली आणि काढून ठेवले. संध्याकाळी भाकरी थापताना मध्येच म्हणाली, "तिचं अक्षर अजून तसंच हाय. उभं-उभं."

तिला वाचता येत नाही, पण अक्षर ओळखते.

इथं सगळी कॉलनी तयारीत आहे. जुन्या धोतरांचे तुकडे उकळून, उन्हात वाळवून, इस्त्री फिरवून ठेवलेत. शोभाताई रोज विचारतात, "आज काय?" रविंद्र घरापासून फाटकावरच्या फोनपर्यंत धावून बघतात. परवा पडले, गुडघा फुटला, आणि मायनं त्यांना पहिली मलमपट्टी केली. मी हसून हसून लोळले, तर माय ओरडली, "इतकं हसू नको, इथंच होईन!"

भीती वाटते का? वाटते. पण ताई, मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

चारू

कोराडी,
१६ मार्च १९७९

प्रिय ताई,

मुलगी झाली! साडेपाच पौंड, डोक्यावर काळं जावळ, रडते ती शिफ्टचा भोंगा वाजल्यासारखी. मी बरी आहे. बाळ बरं आहे. हे आधी लिहिलं म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

रविवारी सकाळी सहाला सुरू झालं. पहिले तास मजेत गेले, खरंच. माय मला गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत फिरवत होती. कळ आली की मी तिच्या खांद्याला लटकायची आणि ती कमरेवर तळवा दाबून उभी राहायची. मधे मला गुळाचा चहा पाजला. दर थोड्या वेळानं पोटाला कान लावायची, बोटांवर काही मोजायची. म्हणायची, "चांगलं चाललं. तू चांगलं करून राहिली."

बाराच्या सुमाराला पाणी फुटलं.

मायनं खाली पाहिलं. मीही पाहिलं. हिरवट होतं.

तिनं तोंड वर केलं, तेव्हा ती वेगळीच बाई होती. "जावई, गाडी," एवढंच म्हणाली. रविंद्र धावत सुटले.

आणि मी, सगळ्या अटींना हो म्हणणारी मी, पलंगाचा कठडा धरून बसले. "मी नाही जात. माय, आता होईलच, थोडं थांब ना. तिथं मला पुन्हा एकटं टाकतील."

"उठ."

"अर्धा तास थांब. फक्त अर्धा."

तिनं माझी बोटं एकेक करून कठड्यावरून सोडवली. "चारू, मी एकडाव अर्धा तास, अर्धा तास म्हनत थांबली होती," म्हणाली. "तुही ताई त्या अर्ध्या तासानं माह्यापासून तुटली. आता नाही थांबत. मी येतो ना तुह्यासंगं. कोनी मले बाहेर काढत नाही, पाहून घे."

कॉलनीची अँब्युलन्स एका जखमी कामगाराला घेऊन शहरात गेलेली. रविंद्र जी मिळाली ती गाडी घेऊन आले: वीजवाल्यांची, शिड्या आणि तारांची भेंडोळी भरलेली. रविवारची ड्यूटी करणारे दोघे त्यातून उतरून पायी गेले, म्हणाले, वहिनींना नेऊन सोडा. शिड्यांच्या मध्ये गादी टाकली. रस्त्यावर कोळशाचे ट्रक एकामागं एक, आणि चालवणारे नानाजी काका खिडकीतून हात काढून ओरडताहेत, "बाजू द्या गा! पोट्टं येऊन राहिलं!" ट्रकवाले खरंच बाजूला होत होते. त्या कळांतही मला हसू आलं.

शहरातल्या दवाखान्याच्या दारात सिस्टरनं अडवलं. "फक्त पेशंट. म्हातारबाई बाहेर."

माय हलली नाही. म्हणाली, "मी हिची दाई हाय. सकाळी सहाले कळा लागल्या. पानी बाराले फुटलं, हिरवं हाय. डोकं खाली हाय. ठोके आतापावतर चांगले होते, पन गाडीत कळेसोबत मंदावून राहिले, मग लवकर वर येत नाहीत. रक्त गेलं नाही. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं झाली."

आतून एक डॉक्टर बाहेर आले होते. ते थांबून ऐकत होते. म्हणाले, "सिस्टर, या बाईंना आत घ्या. यांनी अर्धी केस लिहून आणली आहे."

ताई, ती आत आली! मायच्या पायात चपला नव्हत्या. घाईत घातल्याच नव्हत्या. तिला पांढरा गाऊन दिला, तो टाचेपर्यंत लोळत होता. ती माझ्या डोक्याशी उभी राहिली आणि माझा हात तिनं एकदाही सोडला नाही. बाळ बाहेर आलं तीन वाजून दहा मिनिटांनी. नाळेचे गळ्याभोवती दोन वेढे. रडलं नाही. निळं पडलेलं. डॉक्टरांनी वेढे सोडवले, नळी घालून घशातलं ओढलं, तोंडावर ऑक्सिजन धरला. मी विचारत होते, काय झालं, काय झालं, आणि मायचा हात माझ्या हातात लाकडासारखा घट्ट.

मग रडली ती. आधी मांजरासारखी, मग भोंग्यासारखी.

डॉक्टर हात धुता धुता मायला म्हणाले, "घरी राहिला असतात तर कठीण होतं. वेळेवर उठलात." माय बाहेर व्हरांड्यात गेली, भिंतीला टेकून खाली बसली आणि गाऊनमध्ये तोंड खुपसून रडली. रविंद्र सांगत होते, असं रडताना त्यांनी कुणाला पाहिलं नाही. पंधरा-वीस मिनिटं. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, पोरीले दे इकडं.

तू जिंकलीस असं समजू नको. दवाखाना नसता तर माझी मुलगी नसती, हे खरं. पण माय नसती तर मी दवाखान्यात वेळेवर पोचलेच नसते, हेही तितकंच खरं. मी तर कठडा सोडायला तयार नव्हते.

आता मायला तुला काही सांगायचं आहे. ती बोलतेय तसंच्या तसं उतरवते:

"प्रमोदिनी, मी तुही माय बोलून राहिली. तुह्यं पोरगं माह्या हातानं गेलं. मी तुले तवा म्हटलं होतं, नशीब. ते नशीब नव्हतं, ती माही चूक होती. तू कळा सोसत मले म्हनत होती, माय, दवाखान्यात ने, अन् मी ऐकलं नाही. हे मी तुले आठ वर्षांत सांगितलं नाही, कारन मग मले हात वर करून म्हनावं लागलं असतं का मले येत नाही. आता सांगतो. तू माफ कर का नको करू, ते तुह्यावर हाय. पन तुह्यं बरोबर होतं, हे तुले माह्या तोंडून समजलं पाहिजे. बस."

ती मला 'बस' पण लिहायला लावतेय. म्हणून लिहिलं.

तुझी,
चारू

कोराडी,
४ एप्रिल १९७९

प्रिय ताई,

तार मिळाली. हे पत्र टाकून उपयोग नाही, ते जबलपूरला पोचेल तेव्हा तू इथं असशील. पण हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून लिहून ठेवते आणि तू आलीस की हातात देते.

तारवाला आला तेव्हा माय गाठोडं बांधत होती. उद्या खापरखेड्याला जाणार होती, तिथं कुणाची तरी वेळ भरली आहे. तार म्हटल्यावर ती पांढरीफटक पडली, तिला वाटलं काही वाईट आहे. मी वाचलं: "शुक्रवारी येते. मायला थांबव. प्रमोदिनी."

"पुन्हा वाच," म्हणाली.

वाचलं.

"माय म्हटलं हाय? का आई?"

"माय."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मग शोभाताईंकडे गेली आणि त्यांच्याकडून एकदा वाचून घेतला. मी खोटं वाचलं असेन अशी शंका! परत येऊन गाठोडं सोडलं. तेवढ्यातच रविंद्रांच्या हाती खापरखेड्याला निरोप धाडला की ज्या बाईची वेळ भरली आहे तिला नर्सबाईंकडे न्या, मी शनिवारच्या आधी येत नाही.

तेव्हापासून तिचं चाललंय. ती काय खाते आता? तिले अजून अंबाडीची भाजी आवडते? जाड झाली का वाळली? मला काय माहीत, मी म्हटलं, मी तरी कुठं पाहिलंय पाच वर्षांत!

शुक्रवार, सकाळ

माय पहाटे उठून न्हाली. मी तिला दहादा सांगितलं की तुझी गाडी अकराला येते आणि शहरातल्या सीताबर्डीहून इकडची बस पकडेपर्यंत बारा वाजतील. नऊपासून ती बस स्टॉपवर जाऊन उभी आहे. रविंद्र छत्री द्यायला गेले, तर छत्रीही नको म्हणाली.

मी बाळाला घेऊन गॅलरीत बसले आहे. इथून स्टॉप दिसतो. तीन बसगाड्या येऊन गेल्या. प्रत्येक वेळी माय दाराजवळ जाते, उतरणाऱ्यांची तोंडं बघते आणि मागं सरते.

चौथी आली आहे. थांब.

ताई, उतरलीस तू! निळी साडी, हातात सुटकेस. बस गेली, धूळ बसली. तुम्ही दोघी समोरासमोर उभ्या आहात. हातभर अंतरावर. कुणी काही बोलत असेल तर मला ऐकू येत नाही. माय वाकली. नाही, पाया पडायला नाही, तिनं तुझी सुटकेस उचलायला हात घातला. तू सोडत नाहीस. तीही सोडत नाही. दोघींच्याही हातात मूठ आहे, आणि तशाच निघालात, एक सुटकेस दोघींनी धरून, रस्त्याच्या मधून. मागं ट्रकवाला हॉर्न देतोय, तुम्हाला पत्ता नाही.

बाळ उठलं. मी दार उघडायला जाते.